जांभयांचे पारायण

१ ऑगस्ट, शुक्रवार. श्रावण शुद्ध अष्टमी

बारावा दिवस, आणि जांभया थांबत नाहीत. सकाळचा जप पूर्ण होईतो एकोणीस मोजल्या. पुढे मोजणे सोडले, कारण मोजू लागले की आणखी येतात. जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवायची, ही लहानपणापासूनची सवय. आता मधले बोट अंगठ्यावर घासून सोलवटले आहे. जांभईमागून शिंक. शिंक आली की उजव्या कानाला हात लावून शुद्ध व्हायचे, असे शास्त्र. एका माळेत कानाला सात वेळा हात गेला. कितवा मणी चालला होता, ते शेवटी मलाच ठाऊक नव्हते.

बाकी सर्व यथास्थित बिघडलेले. एकाच क्षणी घाम आणि अंगावर काटा. नाक वाहते. पोट दिवसातून पाच वेळा बोलावते. पिंढऱ्यांत असे काही वळवळते की पाय दुमडला तर पसरावासा वाटतो, पसरला तर दुमडावासा. झोप नावापुरती.

डॉक्टर हेमलता म्हणाली होती, 'सर, पहिले दहा दिवस अवघड.' दहा सरले. आता दाद कोणाकडे मागावी?

रोज लिहून ठेवा, हेही तिनेच बजावले. ती माझी धुळ्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. संस्कृतात नेहमी काठावर. आता ती मला गृहपाठ देते.

२ ऑगस्ट, शनिवार

तेच. शिंका अधिक.

३ ऑगस्ट, रविवार

लिहायचेच तर मुळापासून लिहावे.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांपुरती एक वेदनाशामक गोळी मिळाली होती. ती मी चार वर्षे घेतली. दिवसाला एक होती, त्याच्या सहा झाल्या. गुडघा केव्हाच बरा झाला होता. गोळी चुकली की मात्र सर्वांग दुखे, म्हणून मी समजत असे की गुडघाच दुखतो आहे. जूनमध्ये हेमलताने पाकीट उलटून वाचले. 'सर, ही अफूच्या कुळातली आहे.' अफू. संस्कृतात अहिफेन, सर्पाचा फेस. हा शब्द मी चाळीस वर्षे मुलांना शिकवला आणि बहात्तराव्या वर्षी रोज पाण्याबरोबर गिळत होतो.

तिने तीन महिन्यांचा क्रम आखून दिला: दर आठवड्याला थोडी कमी, शेवटी पाव गोळीवर, मग बंद. मला ते रुचले नाही. परस्त्रीकडे जाणाऱ्याने दर आठवड्याला एक दिवस कमी करत जावे, असे कोणते शास्त्र सांगते? आषाढ वद्य एकादशीला देवापुढे बसलो, तळहातावर पाणी घेतले, 'आजपासून ही गोळी वर्ज्य' असे म्हणून सोडून दिले. पाणीही आणि गोळीही. संकल्प पावकीने करता येत नाही.

माझी खरी चिंता निराळी. येत्या रविवारपासून सोनगीरच्या मंदिरात सात दिवस पोथी आहे. एकतीस श्रावण झाले, मी वाचतो आणि कौतिक अर्थ सांगतो. कौतिक तिथलाच शेतकरी, शाळा सातवीपर्यंत. पण मी ओवी म्हणावी आणि त्याने ती आपल्या बोलीत सोलून गावाच्या हातावर ठेवावी, हे त्यानेच करावे. पोथीचा नियम कडक. तीन तास वाचकाने आसन सोडायचे नाही, अध्याय अर्धा टाकायचा नाही. एकतीस वर्षांत मी एकदाही उठलेलो नाही.

आता मला एक माळ ओढेपर्यंत बसवत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

हेमलताकडे जाऊन आलो. कमलबाई बरोबर होतीच. पंचेचाळीस वर्षांत मला एकट्याला डॉक्टरकडे तिने कधी जाऊ दिलेले नाही, मी लक्षणे सौम्य करून सांगतो म्हणून.

'सर, हे रेंगाळतं. मुख्य जोर ओसरला तरी जांभया, पाय, झोप हे कोणाला महिना, कोणाला तीन महिने छळतं.'

'हे आधी सांगायला हवे होतेस.'

'तुम्ही एकदम सोडणार हे तुम्ही आधी सांगितलं होतं? देवाला सांगण्याआधी मला सांगायचं होतं.'

यावर आमच्या सौभाग्यवती खुर्चीतून म्हणाल्या, 'देवले तरी कोठे इचारं त्यासनी? नुसतं सांगी टाकं.'

दोघी हसल्या. मी शिंकलो.

हेमलता म्हणाली, फार असह्य झाले तर पावापासून पुन्हा सुरू करून ती नीट उतरवील. नाही म्हणालो. दुसरे एक सौम्य औषध दिले पायांसाठी. ते अफूच्या कुळातले नाही ना, हे तीन वेळा विचारून घेतले. तिसऱ्यांदा तिने पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

५ ऑगस्ट, मंगळवार. एकादशी

सोळावा दिवस. उपास, तरी पोट पाच वेळाच. काय बाहेर टाकते, कळत नाही.

आमच्या पिंप्राळ्यात एक घर असे नाही जिथे वैद्य राहत नाही. आज समोरचा निंबा आला. हिंग बेंबीत भरा, म्हणाला. मग ओवा. मग आवाज खाली आणून, 'नाना, खरा उपाय सांगू का? अफूच्या बोंडांचा काढा. माझ्या आजोबांची अफू त्यानंच सुटली.' मी विचारले, मग काढा कशाने सुटला? निंबा विचारात पडला. 'तो नाही सुटला,' म्हणाला.

सायंकाळी कौतिकचा फोन, पोथीची तयारी विचारायला.

'नाना, आवाज बसेल वाटस.'

सर्दी आहे म्हणालो. मग, का कोण जाणे, सांगून टाकले: गोळी सोडली, एकादशीला, संकल्प करून, एकदम. आवाजात ऐट आली होती, ती मलाही ऐकू आली.



'एकदम?'

'एकदम.'

'मंग तरास नही व्हयना?'

'नामस्मरण धरले की काही होत नाही.'

'खरंच का नाना?'

'मी खोटे बोलेन?'

हे म्हणताना डाव्या हाताने नाक पुसत होतो.

६ ऑगस्ट, बुधवार

काल एकादशीच्या दिवशी खोटे बोललो. तेही नामाचा आधार घेऊन. फोन करून दुरुस्त करावे असे दिवसभर मनात येत होते. रविवारी भेटणारच आहे, तेव्हा सांगू.

कमलबाईचा आजचा शेरा: 'सतरा दिन व्हयनात. आते तरी पुरं करा तुमनं जांभयासनं पारायन.'

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाय. आज फक्त पाय. जेवताना उजवा पाय आपोआप झटकला गेला आणि वरणाची वाटी प्रेमराजच्या मांडीवर. मुलगा पँट बदलून आला आणि म्हणाला, 'नाना, या वर्षी सोनगीरला नाही म्हणून सांगा. आजारी माणसाला कोणी दोष देत नाही.'

मी म्हणालो, मी आजारी नाही.

'मग काय आहात?'

मी त्याच्यावर रागावलो.

१० ऑगस्ट, रविवार. सोनगीर. श्रावण वद्य प्रतिपदा

एकविसावा दिवस, पोथीचा पहिला. लोटनच्या घरी उतरलो आहोत. मंदिराची व्यवस्था तोच पाहतो. पहिला तास बरा गेला. इतका बरा की वाटले, पोथीनेच सांभाळले. मग दुसऱ्या अध्यायात पहिली जांभई आली. ओवीच्या मध्यभागी. 'कृपाळू' म्हणताना 'ळू' कुठल्या कुठे गेला. पुढच्या दोन तासांत चाळीस तरी. पोथीवर हात असल्याने चुटकी वाजवता येईना. शिंका सहा, कान सहा वेळा.

कौतिक शेजारी होता म्हणून निभावले. माझे तोंड उघडले की तो लगेच अर्थ सुरू करी. ओवी अजून व्हायची असली तरीही.

त्याला खरे सांगायचे राहिले. सकाळी तो अभिषेकाला बसला होता, नंतर माणसे होती.

११ ऑगस्ट, सोमवार

आसन सोडले.

लिहवत नाही, पण लिहितो. तिसरा अध्याय निम्मा झाला होता. पोटात कळ आली, दाबली. दुसरी आली. तिसऱ्या वेळी पर्याय राहिला नाही. समोर दोनशे माणसे, बायका पुढे बसलेल्या. मी पोथीवर वस्त्र टाकले आणि उठलो. एकतीस वर्षांत प्रथम. मागून कोणी म्हणाले, 'नाना उठनात!' जणू गाभाऱ्यातली मूर्तीच उठली.

मग नियमाप्रमाणे पुन्हा स्नान. विहिरीचे पाणी, आणि मला आधीच थंडी वाजत असलेली. ओल्या धोतराने दात वाजवत परत येऊन बसलो, तेव्हा कौतिक वीस मिनिटे एकट्याने किल्ला लढवत होता. त्याने त्या अर्ध्या ओवीतून एक गवळण काढली होती, तिची सासू काढली होती, सासूचे नरडाण्याला माहेर काढले होते. लोक पोट धरून हसत होते. मला कोणी पाहिलेही नाही. हे त्याने मुद्दाम केले.

त्याच्या कपाळावर घाम होता. गर्दीचा असावा.

१२ ऑगस्ट, मंगळवार. संकष्टी

लोटनने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. 'नाना, पाय मोकया सोडीसन बठा.' व्यासपीठावर खुर्ची! परत पाठवली. तासाभराने पाय इतका झटकला की समई कलंडली. खुर्ची परत मागवली. कोणी हसले नाही, हे हसण्याहून वाईट.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज मी कौतिकला बोलू नये ते बोललो.

मी जांभई दिली की तोही जांभई देई. मी शिंकलो की तोही. नाक पुसतो, अंग खाजवतो, अर्थ सांगताना सूत्र हरवतो. दोनदा चुकीच्या ओवीचा अर्थ सांगितला. मागच्या खांबापाशी कोणी म्हणाले, आणि सगळ्या सभामंडपात ते पसरले: 'एक जन जांभई वाचस, दुसरा तिना अर्थ सांगस.'

आरती झाल्यावर त्याला बाजूला घेतले. 'माझी नक्कल करतोस काय रे? एकतीस वर्षांनंतर?'

'नही नाना.'

'मग काय झाले आहे?'

'हवामान,' म्हणाला, आणि दुसरीकडे पाहिले. डोळे पाण्याने भरलेले. मला वाटले, माझ्या बोलण्याने. मला त्याचेही थोडे समाधान वाटले, हे लिहून ठेवतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कौतिक आला नाही. त्याची बायको सुगंधाबाई आली. पायरीवरूनच बोलली, देवळात चढली नाही.

रविवारी, पोथीला बसण्याच्या आधी, अभिषेकाच्या वेळी त्याने हातात पाणी घेतले आणि गोळी सोडली. तीच गोळी. माझी.

मी म्हणालो, त्याला गोळी कुठली?

'तुमनीच दिधेल शे ना, नाना.'

तेव्हा आठवले. चार वर्षांपूर्वी याच मंदिरात त्याची कंबर धरली होती, बसवत नव्हते. मी पिशवीतून एक पाकीट काढून दिले: घे, बसायला बरे पडते. तीन दिवसांपुरते दिले होते. पुन्हा कधी विचारले नाही. त्याने तेच रिकामे पाकीट दाखवून धुळ्याहून आणवायला सुरुवात केली. सुगंधाबाई म्हणाली, 'तुमनी दिधी म्हनीसन पहिली गोळी कपायले लाईसन खादी त्यासनी.' कपाळाला लावून. प्रसादासारखी.

सोमवारपासून त्याला उलट्या आणि जुलाब आहेत. चार दिवस पोथीचा उपास म्हणून त्याने जेवण घेतले नाही, पाणीही घोट घोट. त्या अवस्थेत तो माझ्याशेजारी बसत होता आणि माझ्या जांभया झाकत होता. आज सकाळी अंगणात पडला. धुळ्याला नेले आहे.

मी आज एकट्याने वाचले. अर्थ कोणी सांगितला नाही. लोक हात जोडून बसले होते. त्यांना काही कळत नव्हते, आणि मी तीन तास न उठता वाचले. एकदाही उठावे लागले नाही. याचा मला संताप आला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. जन्माष्टमी. धुळे

लोटनला सांगितले, मी जातो. जन्माचा अध्याय टाकून जातो म्हणून तो अडवील असे वाटले होते. तो म्हणाला, 'तुम्ही जा. अडखयत का व्हईना, मी वाचसू.' महामार्गाने अर्ध्या तासात धुळे. बसमध्ये शेजारच्या बाईने मला शिंकताना पाहून जागा बदलली.

कौतिक खाटेवर निम्मा उरला आहे. हाताला सलाईन. डॉक्टर तरुण आहेत, स्पष्ट बोलणारे. अंगातले पाणी आणि क्षार फार उतरले आहेत, नाडी मध्येच ठोके चुकवते आहे. म्हणाले, गोळी एकदम तोडल्याने शरीर सैरभैर झाले आहे. थोडी देऊन आधी स्थिर करू, मग महिन्या-दोन महिन्यांत सोडवू. हृदयाला आता हा ताण झेपणार नाही. साधी गोष्ट. पण रुग्ण तोंड उघडत नाही. सुईवाटे देतो म्हटले तर हात ओढून घेतो, नळी निघते.

मी बसलो. म्हणालो, कौतिक, घे.

'नाना, तुम्ही लिधी का?'

'माझे वेगळे आहे.'

'तुम्ही पानी सोडं, मी बी पानी सोडं. येगयं काय शे?'

मग मी सर्व सांगितले. जांभया, पोट, पाय, वरणाची वाटी, एकादशीच्या दिवशी फोनवर बोललेले खोटे. नामाने काही थांबले नाही, पंचवीस दिवसांत एक रात्र धड झोपलो नाही, आणि हेमलताचा क्रम मोडून मी शहाणपणा केला नाही, फक्त ऐट केली. एवढे खरे मी उभ्या आयुष्यात एका दमात बोललेलो नाही. बोलताना चार वेळा शिंकलो. याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

कौतिक हसला. ओठ फुटलेले, तरी हसला.

'मन्हा जीव वाचाडाकरता खोटं बोली ऱ्हायनात. मी दखं ना. तुम्ही रोज बठनात.'

'सोमवारी उठलो होतो.'

'परत उनात ना.' आलो होतो.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावले. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत घेतली नाही तर नाशिकला हलवावे लागेल, आणि वाटेत काय होईल ते सांगता येत नाही. सुगंधाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने मला काही म्हटले नाही. पोथी सांगणाऱ्याला बायका कधी काही म्हणत नाहीत.

आपत्काळी व्रत सोडण्याची सवलत शास्त्रात आहे. वर्षानुवर्षे मीच ती लोकांना सांगत आलो: जीव जात असेल तर नियम बाजूला ठेवावा. कौतिकला तेही सांगितले. डोळे मिटूनच त्याने विचारले, 'मंग तुम्ही का नही ठेवा?'

१६ ऑगस्ट, शनिवार. धुळे

सकाळी हेमलताला फोन केला.  ती म्हणाली, 'पाव. एकदाच. तिथल्या डॉक्टरांसमोर. आणि सोमवारी माझ्याकडे, सर, न चुकता.' इथल्या डॉक्टरांशी तीच बोलली.

परिचारिकेने गोळीचे दोन तुकडे बशीत आणले. मी खाटेवर कौतिकसमोर बसलो, एक तुकडा उचलला, त्याला दिसेल असा जिभेवर ठेवला आणि पाणी प्यालो. सत्ताविसावा दिवस होता.

मग त्याने तोंड उघडले.